क्लेमॅटिसचं बी उगवत नाही? कुंडी रिकामी करण्याआधी या चुका तपासा

‘पेरून दोन महिने झाले, कुंडीत अजून काहीच नाही. टाकून देऊ का?’ क्लेमॅटिस ही फुलवेल बियांपासून लावणाऱ्यांच्या तोंडी हा प्रश्न हमखास येतो. त्यावर आधी एक उलट प्रश्न विचारावा लागतो: बी कुठल्या जातीचं होतं? याच वेलीची एक जात तीन आठवड्यांत कोंब दाखवते, तर दुसरी दीड-दोन वर्षं मातीत गप्प पडून राहते, आणि दोन्हींचं बी तितकंच चांगलं असतं. झेंडू, वाल, कारलं असं आठवड्याभरात वर येणारं बी पेरायची सवय असली की ही शांतता सहन होत नाही. मग बोटाने उकरून बघणं, पाणी वाढवणं, चिमूटभर खत टाकून बघणं, कुंडी उन्हात सरकवणं असे उद्योग सुरू होतात. चांगलं बी मरतं ते बहुतेक वेळा याच काळात.

चुका साधारण ज्या क्रमाने होतात, त्याच क्रमाने घेऊ.

जात न विचारता पेरणं

क्लेमॅटिसच्या जवळपास 300 मूळ, म्हणजे निसर्गात आढळणाऱ्या, जाती आहेत. रानात पांढऱ्या फुलांचे घोस घेऊन झाडांवर चढणारी मोरवेल हीसुद्धा त्यातलीच. एवढ्या मोठ्या गोतावळ्याला उगवणीचं एकच वेळापत्रक असणं शक्य नाही.

उशीर होण्याचं मूळ कारण बीच्या आत आहे. वेलीवरून बी सुटतं तेव्हा त्यातला गर्भ अर्धवटच वाढलेला असतो. बाहेरून बी तपकिरी, टणक, अगदी तयार दिसतं. आत मात्र बहुतेक जागा अन्नसाठ्याने भरलेली असते आणि गर्भ एका टोकाला ठिपक्याएवढा. ओलावा मिळाला की तो आधी आतल्या आत वाढतो, मग कुठे मूळ बाहेर पडतं. हा सगळा काळ वरून बघणाऱ्याला ‘काहीच होत नाहीये’ असाच दिसतो. काही जातींत याच्या जोडीला थंडीची अटही असते: ओल्या बीला काही आठवडे गारवा मिळाल्याशिवाय ते पुढे सरकत नाही.

ढोबळ अंदाज असा. टँगुटिका आणि ओरिएंटॅलिस, म्हणजे खाली झुकलेल्या पिवळ्या घंटांसारख्या फुलांच्या जाती, साधारण 2 ते 6 आठवड्यांत उगवतात. त्यांना थंडीचे लाड लागत नाहीत. इंटेग्रिफोलिया ही न चढणारी, झुडपासारखी जात. तिला काही आठवडे ते काही महिने लागतात. अल्पायना आणि मॅक्रोपेटाला या थंड डोंगराळ मुलखातल्या जाती गारवा भोगल्याशिवाय सहसा हलत नाहीत. व्हिटिसेलाला सहा महिने किंवा त्याहून जास्त धरा. आणि जिच्या फोटोवर सगळे भाळतात ती बशीएवढ्या फुलांची संकरित क्लेमॅटिस सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कितीही वेळ घेते. तेही सगळ्या बिया एकदम नाही: आज एक, चार महिन्यांनी दोन, पुढच्या वर्षी आणखी एक.

पहिल्यांदाच करत असाल तर माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात टँगुटिकापासून करा. ती लवकर उगवते, रोप चिवट असतं, आणि सगळं जुळून आलं तर दुसऱ्या वर्षी फूल बघायला मिळतं. ‘रडार लव्ह’ नावाचा तिचा एक प्रकार तर बियांच्या रूपातच विकला जातो. मोठ्या फुलांच्या जातीवर हात बसवायला जाणं म्हणजे पोहायला शिकायला थेट समुद्रात उतरणं.

एक सावधगिरी मात्र घ्यायची. जी जात सहज उगवते ती कधीकधी नको तिथेही उगवते. न्यूझीलंडमध्ये व्हिटाल्बा जातीने जंगलातली झाडंच्या झाडं झाकून टाकली, आणि अमेरिकेच्या पूर्व भागात टर्निफ्लोरा तण म्हणून पसरली आहे. आपल्या भागात कुठली जात लावायला मनाई आहे का, हे बी मागवण्याआधी बघून घ्यावं.

पाकिटावरच्या फोटोवर विश्वास ठेवणं

‘नेली मोझर’ ही फिकट गुलाबी फुलावर गडद पट्टा असलेली प्रसिद्ध जात 1897 सालची, फ्रान्समधली. आज जगात तिची जेवढी खरी रोपं आहेत ती सगळी छाट कलम, दाब कलम अशा मार्गांनी त्या एकाच रोपापासून वाढवलेली आहेत. तिच्या बीतून ‘नेली मोझर’ येत नाही. तिचं मूल येतं, आणि ते आईसारखं दिसेलच असं नाही. त्यामुळे नाव दिलेल्या संकरित जातीचं बी म्हणून जे विकलं जातं ते एक तर चुकीचं सांगून विकलेलं असतं, नाहीतर विकणाऱ्यालाच माहिती नसते. इंद्रधनुष्यासारख्या पट्ट्यांची किंवा चकचकीत आकाशी-हिरवी क्लेमॅटिस दाखवणारं पाकीट तर बघताक्षणी बाजूला ठेवा. ते रंग संगणकावरचे आहेत.

बीतून तीच जात येत नाही, याचं गाजलेलं उदाहरण ‘बिल मॅकेन्झी’. 1968 मध्ये इंग्लंडमधल्या वॉटरपेरी बागेत आपोआप उगवलेलं हे पिवळ्या फुलांचं रोप. फुलं नेहमीपेक्षा मोठी, वाढ जोमदार. मग लोकांनी त्याच्या बिया पेरून आलेली रोपंही त्याच नावाने विकायला सुरुवात केली, आणि त्यातली बरीच मूळ रोपाच्या पासंगालाही पुरत नव्हती. आजही त्या नावाखाली काय हाती येईल याची खात्री नसते.

मूळ जातीचं बी घेतलं तर फूल बरंचसं अपेक्षेप्रमाणे येतं. बरंचसं, कारण शेजारी जवळच्या नात्यातली दुसरी जात फुलत असेल तर मधमाशा त्यांची सरमिसळ करतात.

संकरित जातीचं बी मग पेरूच नये का? जरूर पेरा, फक्त काय पेरतोय ते कळून पेरा. प्रसिद्ध जांभळी ‘जॅकमॅनी’ आली ती इंग्लंडमधल्या वोकिंग इथल्या जॅकमन रोपवाटिकेत 1858 साली केलेल्या संकराच्या बियांमधूनच. वॉर्सातल्या मठाच्या बागेत काम करणारे जेझुइट ब्रदर स्टेफान फ्रांचाक यांनी बियांची रोपं वाढवून, निवडून ‘पोलिश स्पिरिट’सारख्या जाती दिल्या. बीतून येणारं प्रत्येक संकरित रोप जगात एकमेव असतं. ते सुंदरच असेल अशी हमी कोणी देत नाही.

पोचट बी पेरणं

घरच्या वेलीचं बी घेणार असाल तर पहिली चूक घाईची आणि दुसरी आंधळेपणाची.

फूल गळल्यावर मागे राहतो तो बियांचा गुच्छ. प्रत्येक बीला एक लांब शेपटी असते. सुरुवातीला गुच्छ चकचकीत रेशमासारखा दिसतो, शेपट्या एकमेकींना चिकटलेल्या आणि बिया हिरव्या. या अवस्थेत तो फोटोला छान असतो, पेरायला नाही. पुढे शेपट्या सुकून पिसांसारख्या फुलतात, बी तपकिरी होतं, आणि दोन बोटांत धरून हलकं ओढलं की सहज सुटून येतं. जोर लावावा लागला तर अजून थांबा. वारा आधीच उडवून नेईल अशी भीती असेल तर गुच्छावर जाळीदार कापडाची सैल पिशवी बांधा. प्लास्टिकची बांधू नका, आत घाम येऊन बुरशी धरते.

आता सुटं झालेलं एक बी तळहातावर घ्या. साधारण चपटं, कडेला थोडी पातळ किनार, आणि मध्ये फुगीर भाग. या फुगीर भागावर अंगठ्याचं नख ठेवून हळूच दाबा. भरलेलं बी नखाला अडवतं. पोचट बी कागदासारखं दबतं, कधी आत वाळलेली पापुद्र्यासारखी पोकळी जाणवते. कितीतरी संकरित जातींच्या गुच्छात दिसायला चाळीस-पन्नास शेपट्या असतात आणि भरलेल्या बिया मोजक्याच. सगळंच्या सगळं पेरून ‘उगवण शून्य’ म्हणणाऱ्यांनी निम्म्या वेळा बी पेरलेलंच नसतं, टरफलं पेरलेली असतात.

पाण्यात टाकून तरंगणारं बी फेकायची सवय इथे कामाची नाही. शेपटीच्या लवीत हवा अडकते आणि भरलेलं बीही तरंगत राहतं. नखाची परीक्षाच बरी.

शेपटी काढावी का, यावर उगाच वाद होतात. काढली तर बी मातीला सपाट टेकतं आणि बुरशी कमी धरते. नाही काढली म्हणून उगवण अडत नाही. बी वर्षानुवर्षं डबीत जपून ठेवणं मात्र खरंच नुकसानीचं आहे. कोरडं पडून राहिलेलं बी आणखी हट्टी होतं आणि उगवणक्षमताही घटत जाते. पिकलं की पेरावं.

बीवर नको ते प्रयोग

सँडपेपरवर घासणं, उकळतं पाणी ओतणं, ब्लेडने चीर पाडणं: हे उपाय गोकर्णासारख्या कडक, पाणी आत न घेणाऱ्या बियांसाठी आहेत. क्लेमॅटिसचं कवच पाणी अडवत नाही. अडचण आतल्या अपुऱ्या गर्भाची आहे, आणि ती घासून सुटत नाही. उकळत्या पाण्याने तर तो ठिपक्याएवढा गर्भ शिजतो, इतकंच.

रात्रभर साध्या पाण्यात भिजवायला हरकत नाही. दोन-तीन दिवस भिजवायचं असेल तर पाणी रोज बदला. आठवडाभर त्याच पाण्यात ठेवलेलं बी कुजतं.

जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाबद्दल सतत विचारलं जातं. काही जातींत त्याचा उपयोग होतो, पण मात्रा थोडी चुकली तरी रोप सुतासारखं लांब, फिकट निघतं आणि स्वतःच्या वजनाने आडवं होतं. घरी दहा-बारा बिया पेरणाऱ्याला त्याची गरज नाही असं मला वाटतं.

फ्रिजचा चुकीचा वापर

ज्या जातींना थंडी लागते त्यांच्यासाठी फ्रिज उत्तम, पण इथे चार ठिकाणी गाडी घसरते.

बीचं कोरडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवणं हे फक्त साठवण झालं. गर्भाला थंडी ‘कळते’ ती बी ओलं असतानाच. त्यामुळे बी ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वाळू किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारं हलकं खनिज) मिसळून झिप पिशवीत ठेवायचं. ओलसर म्हणजे मुठीत दाबल्यावर पाणी टपकता कामा नये. पिशवीत पाणी साचलेलं दिसलं तर आत बुरशी येणार हे नक्की समजा.

दुसरं, फ्रीझर. ओल्या बीत पाणी असतं, ते तिथे गोठलं की पेशी फुटू शकतात. जागा फ्रिजचीच, 4-5 अंश सेल्सिअसच्या आसपास.

तिसरं, पेरल्याबरोबर थेट थंडीत टाकणं. ताज्या बीतला गर्भ वाढायला आधी थोडी ऊब लागते. ओल्या मिश्रणात महिनाभर घरातल्या साध्या तापमानाला ठेवून मग 6 ते 12 आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं तर निसर्गाचा क्रम बऱ्यापैकी साधतो: बी गळतं, जमीन अजून कोमट असते, मग हिवाळा येतो.

चौथं, ठेवून विसरणं. काही बिया फ्रिजमध्येच मूळ सोडतात. दर आठवड्याला पिशवी उजेडाकडे धरून बघा. पांढरं टोक दिसलं की ते बी अलगद काढून, मूळ खाली करून, कुंडीत लावा. टिश्यू पेपरवर बिया ठेवणाऱ्यांची पंचाईत इथे होते: मूळ कागदात शिरतं आणि सोडवताना तुटतं. तसं झालं तर कागदाचा तेवढा तुकडा कापून बीसकट लावून टाका.

जिथे हिवाळा खरोखर थंड असतो तिथे एवढं काहीच करायला नको. कुंडी बाहेर सावलीत ठेवली की ऋतूच ते काम करतो.

माती, कुंडी आणि पाणी

बागेतली माती नको. ती घट्ट बसते आणि सोबत तणांचं बी घेऊन येते. वर्षभर वाट बघून जो कोंब आला तो तणाचा निघाला की जीव हळहळतो. कोकोपीट किंवा बी पेरायचं तयार मिश्रण आणि त्यात भरपूर पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे हलके खडे) किंवा जाड वाळू हे पुरेसं. गांडूळखत, शेणखत, रासायनिक दाणे यातलं काहीही या टप्प्यावर घालू नका. बीला खत लागत नाही, बुरशीला मात्र आवडतं.

उथळ ट्रे ही दुसरी सार्वत्रिक चूक. क्लेमॅटिसचं मूळ कोंबाच्या कितीतरी आधी निघतं आणि सरळ खाली जातं. किमान 8 ते 10 सेंटिमीटर खोलीची कुंडी घ्या. बिया पृष्ठभागावर सुट्या सुट्या ठेवा आणि वर 3 ते 5 मिलिमीटर बारीक खडी, वाळू किंवा व्हर्मिक्युलाइटचा थर द्या. दोन सेंटिमीटर खोल पुरलेलं बारीक बी वर यायला दमतं. खडीच्या थराचा आणखी एक फायदा आहे: महिनोन्महिने ओल्या राहणाऱ्या कुंडीवर जो हिरवा शेवाळाचा गालिचा तयार होतो, तो धरत नाही. शेवाळ एकदा घट्ट बसलं की कोंबाला वाट मिळत नाही आणि पाणीही वरच्या वर वाहून जातं.

वरून झारीने जोरात पाणी घातलं की बिया एका कोपऱ्यात गोळा होतात. कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवा, वरचा थर ओला दिसला की बाहेर काढा. दिवसभर थाळीतच ठेवली तर खालची माती सडते. मातीला वाफसा हवा, चिखल नको. आणि एकदा बी भिजून कामाला लागलं की माती पूर्ण कोरडी होऊ देणं त्याहून वाईट. वाढत असलेला गर्भ मधेच सुकला तर तो परत उठत नाही. लांबच्या गावाला जाऊन आल्यावर ‘उगवलंच नाही’ असं म्हणणाऱ्यांचं बी बरेचदा याच कारणाने गेलेलं असतं.

जागा उजेडाची पण थेट उन्हाची नाही. 15 ते 20 अंश तापमान बहुतेक जातींना मानवतं. उगवण लवकर व्हावी म्हणून कुंडी तापलेल्या जागी ठेवली तर काही जाती उलट जास्त वेळ थांबतात.

वाट बघण्याच्या काळातल्या चुका

पहिली चूक लेबलची. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण मार्कर पेनची शाई उन्हापावसात काही महिन्यांत उडते आणि मग कोऱ्या पट्टीकडे बघत बसावं लागतं. साध्या शिसपेन्सिलने लिहिलेलं वर्षानुवर्षं टिकतं. जात, बी कुठून आणलं, पेरणीची तारीख, थंडी कधी दिली, एवढं लिहा.

दुसरी, उकरून बघणं. खाली मूळ फुटलेलं असतं, कोंब अजून निघालेला नसतो, आणि बोट लागलं की ते बारीक मूळ मोडतं. अगदीच राहवत नसेल तर कुंडीच्या तळाच्या छिद्रातून बघा. तिथून पांढरी मुळी डोकावत असेल तर निश्चिंत राहा.

तिसरी, कुंडी लवकर रिकामी करणं. टँगुटिका चार-पाच महिन्यांत आलीच नाही तर बी वाईट होतं असं म्हणता येईल. संकरित जातीला तीन वर्षं द्या. आणि पहिली दोन-तीन रोपं आली म्हणून उरलेली माती टाकू नका. रोपं अलगद उचलून घ्या, माती होती तशी ठेवा.

कोंब आला, आता हे असं का दिसतंय?

‘दोन गोल पानं आलीच नाहीत, एकदम देठ आणि त्याला छोटी पानं. कोणी बीजपत्रं खाल्ली का?’ नाही. टँगुटिकासारख्या बारीक बीच्या जातींत बीजपत्रं वर येतात. व्हिटिसेलासारख्या मोठ्या बीच्या काही जातींत ती मातीतच राहतात आणि वर येतो तो थेट खरा कोंब. दोन्ही बरोबर आहेत.

‘पानं आईसारखी नाहीत.’ लहान रोपाची पानं साधी, अखंड असतात. तीन-तीन किंवा त्याहून जास्त पर्णिकांची पानं पुढे येतात. वेगळं रोप उगवलं असं समजून उपटू नका. खात्री करायची असेल तर रोप थोडं वाढल्यावर देठाकडे बघा: पानं समोरासमोर जोडीने असतील. काही जातींत अगदी पहिली पानं मात्र एकाआड एक येतात.

‘काल उभं होतं, आज आडवं.’ मातीलगत देठ पिचलेला, पाणी सुटल्यासारखा दिसत असेल तर ती बुरशीजन्य मर. आडवं झालेलं रोप वाचत नाही, ते मातीच्या ढेकळासकट काढा आणि शेजारच्यांना वाचवा. वरचं प्लास्टिकचं झाकण लगेच काढा, पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा. उगवण दिसल्यानंतरही झाकण तसंच ठेवणं हे मरीला दिलेलं आमंत्रण असतं.

‘रोप मुळापासून गायब.’ सकाळी चकाकणारी रेघ दिसते का बघा. गोगलगायींना क्लेमॅटिसचे कोवळे कोंब फार आवडतात आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते. रात्री टॉर्च घेऊन कुंडीच्या कडेखाली हात फिरवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर माती सतत ओली राहते आहे, असं समजा. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. वरचा थर सुकू द्या आणि पिवळे चिकट सापळे लावा.

‘पानं पिवळी पडली.’ लगेच खताची बाटली उचलू नका. कुंडी हातात घेऊन वजन बघा. जड असेल तर पाणी जास्त झालंय. हलकी असेल आणि खालून मुळं बाहेर आली असतील तर मोठी कुंडी हवी. खऱ्या पानांच्या तीन-चार जोड्या आल्यावर निम्म्या मात्रेचं द्रवखत पुरतं.

‘रोप वाळून गेलं.’ इंटेग्रिफोलियासारख्या जातींचा वरचा भाग हिवाळ्यात सुकतो आणि मूळ जिवंत राहतं. इतर कितीतरी लहान रोपंही पहिल्या थंडीत काडीसारखी दिसतात. मातीत किंचित ओल ठेवा आणि वसंतापर्यंत थांबा.

पुनर्लागणीची गडबड

खऱ्या पानांच्या दोन जोड्या येईपर्यंत रोप हलवू नका. हलवताना रोपाला पानाने धरा, देठाने कधीच नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चेमटला तर रोप गेलं. मुळं दोरीसारखी लांब आणि ठिसूळ असतात, ती झटकून मोकळी करायच्या फंदात पडू नका.

दुसऱ्या कुंडीत जाताना रोप आधीपेक्षा थोडं खोल लावलं तर चालतं. मोठ्या फुलांच्या जातींत तर पुढे कायमच्या जागी लावताना 5 ते 7 सेंटिमीटर खोल लावणं फायद्याचं: वरचा भाग मर रोगाने काळा पडून गेला तरी मातीखालच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात. इंटेग्रिफोलियासारख्या न चढणाऱ्या जातींना मात्र असं खोल गाडू नये.

शेंडा खुडणं बहुतेकांना जिवावर येतं. दोन-तीन पेरं झाल्यावर शेंडा खुडला नाही तर एकच सुतळीएवढी काडी वर जात राहते आणि एक दिवस वाऱ्याने मोडते. खुडल्यावर प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी फुटते. खुडताना हातमोजे घाला, कारण क्लेमॅटिसच्या ताज्या रसाने त्वचेला आग होते आणि कधी फोडही येतात. मुलं आणि पाळीव प्राणी पानं चघळणार नाहीत, याकडेही लक्ष हवं.

आधार देताना जाड बांबू रोवून उपयोग नाही. क्लेमॅटिसला तणावे नसतात. ती पानाच्या देठाचा वेढा घालून चढते आणि तो वेढा पेन्सिलपेक्षा जाड काठीभोवती बसत नाही. तार, सुतळी, बारीक काड्या द्या.

मुळं गार ठेवायची म्हणून लहान रोपाच्या भोवती दगड रचणारे पुष्कळ दिसतात. दगडाखाली गोगलगायी राहतात. पालापाचोळ्याचा पातळ थर, देठापासून बोटभर लांब, हे काम जास्त चांगलं करतो.

फूल येण्याआधीच छाटणी

छाटणीचे नियम जातीनुसार तीन गटांत विभागलेले असतात: काही जाती जुन्या फांदीवर फुलतात, काही नव्या फुटीवर, काही आधी जुन्या आणि मग नव्या फांदीवर. टँगुटिका किंवा व्हिटिसेला असेल तर प्रश्न नाही, त्या नव्या फुटीवर फुलतात आणि हिवाळा संपताना खाली छाटलेल्या चालतात. पण संकरित बीतून आलेल्या रोपाचा गट कोणालाच माहीत नसतो. त्याला दरवर्षी खालपर्यंत छाटलं आणि ते नेमकं जुन्या फांदीवर फुलणारं निघालं, तर ते कधीच फुलणार नाही आणि दोष बीवर जाईल. अशा रोपाची फक्त वाळलेली टोकं काढा. मोठ्या फुलांच्या रोपाला पहिलं फूल यायला तीन-चार वर्षं किंवा जास्तही लागतात. ते कुठल्या फांदीवर आलं हे लेबलवर लिहून ठेवा. पहिल्या फुलावरून रोप ठेवायचं की नाही हे ठरवू नका: रंग आणि आकार पुढच्या एक-दोन हंगामांत स्थिरावतो, आणि सुरुवातीची फुलं बरेचदा लहान, थोडी वेडीवाकडी असतात.